शिवलीलाच्या कानातली घुरघुर

आमच्या गल्लीतल्या माणसाला एखादी गोष्ट कळत नसली तर तो गप्प बसत नाही, सल्ला देतो. हळ्ळीखेडात दुसऱ्या गल्ल्या आहेत, तिथंही मूर्ख राहतात, पण ते निदान विचारल्यावर बोलतात. आमच्याकडं आठ घरं. त्यातल्या सात घरांत इंजिनिअर, डॉक्टर, वकील आणि ज्योतिषी असे चौघंही एकाच लुंगीत बसलेले. आठवं घर शिवशरणअण्णाचं. तो बी-बियाणं विकतो आणि कुणाला 'नाही' म्हणत नाही, म्हणून गल्ली त्याला सज्जन म्हणते. सज्जन म्हणजे ज्याच्या पायरीवर बसून आपल्याला शेंगा फोडता येतात आणि टरफलं त्याला झाडावी लागतात, तो.

मी या आठांत मोजलेला नाही. माझी खोली गल्लीच्या तोंडाशी आहे आणि तिला वीज पलीकडच्या खांबावरून येते. माझं नाव व्यंकट. चाळीस वर्षं मी लग्नाला आणि जत्रेला भोंगे लावले. तेव्हा आवाजात घुरघुर म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. मादन हिप्परग्याच्या जत्रेत माझ्या अॅम्प्लिफायरची घुरघुर इतकी पक्की होती की भजनी मंडळानं तिच्यावर तंबोरा लावून घेतला. अर्ध्या रात्री मी तार घट्ट करून ती घालवली, तर पेटीवाला अंगावर धावून आला, म्हणाला आमचा षड्ज कुठं गेला. खोटं वाटत असेल तर पेटीवाल्याला विचारा. तो वारला, पण त्याचा मुलगा आहे.

तर शिवलीला. शिवशरणअण्णाची मुलगी, वय एकतीस. कलबुर्गीला शिकायला होती तेव्हा तिच्या कन्नडात मराठी शिरते म्हणून पोरी हसायच्या. उदगीरला मामाकडं गेली की तिच्या मराठीत दखनी शिरते म्हणून मामी हसायची. ही आयुष्यभर तोंडावर हात ठेवून बोलली. मग बंगळूरच्या एका कंपनीला नेमकी अशीच जीभ हवी झाली. कंपनी पाण्याच्या मोटारी विकते. तिला आमच्या सीमेवरच्या शेतकऱ्यांचे तक्रारीचे फोन जातात आणि त्यातलं बंगळूरच्या माणसाला काही कळत नाही, यंत्राला तर त्याहून नाही. "मोटर चालू हाय साब, लेकिन पानी बरतिल्ला, काय करू सांगा की." बरतिल्ला म्हणजे येत नाही; एका वाक्यात तीन राज्यं. शिवलीलानं घरी बसून हेडफोनमधून असले फोन ऐकायचे आणि शब्दाला शब्द टाईप करून पाठवायचे. ज्या जिभेला लोक हसले ती जीभ आता पगार आणत होती. पोरगी दोन महिन्यांत बोटभर उंच झाली असं मी म्हटलं, तर तिच्या आईनं, रत्नम्मानं, दाराच्या चौकटीला उभी करून मापली. बोटभर नाही, पण अर्धं बोट निघालं.

त्याआधी सात वर्षं ती श्रीपतरावांच्या शाळेत होती. श्रीपतराव गल्लीतले मोठे. शाळेचे अध्यक्ष ते, बाकी कशाकशाचे माजी ते. शिवलीला सकाळी प्रार्थना सांगायची, दुपारी गणित शिकवायची आणि संध्याकाळी अध्यक्षांची भाषणं टाईप करायची. भाषणात चूक राहिली तर ती तिची, टाळी पडली तर ती त्यांची. तिनं राजीनामा दिला तेव्हा ते खुर्चीतून उठलेही नाहीत.

"जा," म्हणाले. "तीन महिन्यांत परत दारात येशील. तेव्हा जागा असली तर बघू."

आणि तिसऱ्या महिन्यात, एप्रिलच्या तोंडाला, शिवलीलाच्या हेडफोनमध्ये घुरघुर सुरू झाली.

आधी नुसतं 'घूंऽ' असं, लांबून पिठाची गिरणी चालावी तसं. मग त्याच्यावर 'टर्र, टर्र' असे ओरखडे. माऊस हलवला की बारीक शिट्टी वेगळीच. फोनवरचा शेतकरी त्या गोंधळातून मोहोळात डोकं घातल्यासारखा बोलायचा. पहिल्या आठवड्यात तिच्या चुका वाढल्या. दुसऱ्यात आणखी वाढल्या. कंपनीनं कळवलं, शुक्रवारी अकरा वाजता चाचणी. चाळीस मिनिटांचा आवाज एका दमात ऐकायचा, मधे थांबवता येणार नाही, मागे नेता येणार नाही. पाच चुका चालतील. सहावी झाली की काम बंद.

म्हणजे सहावी चूक झाली की श्रीपतरावांचं दार. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि श्रीपतरावांना तर फारच ठाऊक होतं.

मग सल्लागार आले. पहिला तानाजी, मोबाईलच्या दुकानाचा. त्यानं एकामागून एक तीन हेडफोन आणले आणि प्रत्येक वेळी आधीच्याला शिव्या दिल्या, जणू आधीचे त्यानं दिलेच नव्हते. तिन्हींत तीच घुरघुर. बिनतारी हेडफोन कंपनीला चालत नव्हता. तेव्हा त्यानं आमच्या भागातला शेवटचा इलाज काढला. आमच्याकडं तीन पिनांची प्लग घरात आली की तिची जाड पिन पक्कडीनं मोडून टाकतात, कारण जुन्या बोर्डाला भोकं दोनच असतात आणि तिसरी पिन कंपनीनं उगाच दिलेली असते असं सगळ्यांचं मत आहे. तानाजीनं काँप्युटरच्या प्लगची जाड पिन मोडली. घुरघुर गेली. तानाजी गल्लीभर सांगत सुटला. दुसऱ्या दिवशी रत्नम्मा केर काढताना तिचा हात काँप्युटरच्या पत्र्याच्या डब्याला लागला आणि ती अशी ओरडली की बसस्टँडवर दोन माणसांनी बस सुटली समजून पिशव्या उचलल्या.

"मला लेक पाहिजे," रत्नम्मा म्हणाली. "पगार नसला तरी चालंल." नवी तार आली, जाड पिनेची. घुरघुरही परत आली.

दुसरा राजशेखर. रत्नम्माच्या माहेरचा, बिदरला कुठल्या तरी कॉलेजात शिकवतो. तो येऊन अर्धा तास लहरींवर बोलला. हवेत किती प्रकारच्या लहरी आहेत हे त्यानं बोटांवर मोजलं, बोटं संपली तेव्हा चहा मागवला. शेवटी म्हणाला, "ह्याला उपाय एकच, घर बदला." आणि बसनं गेला. शिकलेल्या माणसाचा मला हाच राग आहे, मूर्खपणाला तो भाडंसुद्धा स्वतःचं लावून येतो.

तिसरे श्रीपतराव. ते आले नाहीत, ओट्यावरून बोलले. "कान नाजूक असतात पोरींचे. शाळेत बघ, घंटेशिवाय दुसरा आवाज नव्हता. जागा अजून रिकामी हाय, शिवलीला. पण अर्ज नियमानं करावा लागंल."

बुधवारी दुपारी शिवलीला माझ्या खोलीवर आली.

"काका, तुम्ही कामून आला न्हाईत?"

"मला कुणी बोलावलं न्हाई."

"बाकीच्यांना तरी कुणी बोलावलं होतं?"

हे बरोबर होतं. मी चप्पल घातली.

हेडफोन कानाला लावला आणि मला माझं तरुणपण आठवलं. असली जातिवंत घुरघुर मी वीस वर्षांत ऐकली नव्हती. मी विचारलं, पिन मोडली तेव्हा गेली होती ना? ती म्हणाली, व्हय. म्हणजे आवाज हवेतून येत नव्हता, राजशेखरच्या दहाही बोटांतून येत नव्हता. तो जाड पिनेतून येत होता. जाड पिन जाते अर्थिंगला. अर्थिंग जातं जमिनीत. जमिनीत काय घुरघुरतंय ते बघायला आम्ही घरामागं गेलो.

शिवशरणअण्णाचं अर्थिंग हा त्याच्या आयुष्यातला एकमेव चैनीचा खर्च. घर बांधलं तेव्हा उदगीरच्या मिस्त्रीनं त्याला पुरुषभर खड्डा खणायला लावला, तांब्याचा पत्रा पुरला, त्याचा दांडा वर काढला, वर कोळसा, मीठ, कोळसा, मीठ असे थर दिले आणि सांगितलं, दर सोमवारी बादलीभर पाणी घालायचं. रत्नम्मा बारा वर्षं सोमवारी पाणी घालत आली, देवाला चुकेल पण ह्याला नाही. खड्डा बरोबर शिवलीलाच्या खोलीच्या खिडकीखाली आहे. वर सिमेंटचं झाकण.

झाकण उचललं. दांड्याला एक तार असायला हवी होती, अण्णाच्या घरची. तिथं आठ होत्या. हिरवी, पिवळी, काळी, एक चक्क टेपरेकॉर्डरची, एक खाटेच्या सुंभासारखी पीळ दिलेली. बाजारात एका खुंट्याला शेळ्या बांधाव्यात तशा. सगळ्या मातीखालून, भिंतीच्या कडेनं, चोरपावलांनी आलेल्या.

"अप्पा," शिवलीलानं बापाला हाक मारली, "हे बघा, तुमचं गोत."

झालं होतं असं की गल्लीतली सगळी वायरिंग एकाच माणसानं केली होती. प्रत्येक घरी मालक विचारायचा, खड्डा खणायचा खर्च किती? खर्च ऐकला की मालकाचं तोंड पडायचं. मग वायरमन हळूच म्हणायचा, शिवशरणअण्णाचा खड्डा हाय की, गुपचूप जोडू. प्रत्येकाला वाटत होतं की ही अक्कल आपल्याला एकट्यालाच सुचली. सात घरांचे गळके कूलर, चावणारे मिक्सर, ओल्या भिंतीतल्या मोटारी, सगळ्यांची घाण वीज बारा वर्षं त्या एका दांड्यातून खाली जात होती आणि उन्हाळ्याचे कूलर लागल्यापासून थोडी वाट चुकून शिवलीलाच्या कानात. रत्नम्मा म्हणाली, "तरीच. दोन वर्षं झाली, पाणी घातलं की आटायलंय. मला वाटलं तहान लागती त्याला."

पण घूंऽ समजलं तरी टर्र समजेना. ते एप्रिलमध्येच का आलं? शिवलीला हेडफोन लावून बसली. मी खिडकीत उभा राहिलो. ती सांगायची, "आता लांब टर्र. आता थांबलं. आता दोन बारके. परत लांब." मी इकडंतिकडं बघत होतो आणि माझी नजर श्रीपतरावांच्या गेटावर गेली. एप्रिलच्या तोंडालाच त्यांनी तिथं पळत्या लाल अक्षरांची पाटी लावली होती. उद्घाटनही स्वतःच केलं होतं, नारळ तेवढा दुसऱ्याकडून फोडून घेतला. मी म्हटलं, "थांब. आता लांब येईल बघ."

"आलं. तुम्हाला कसं कळलं?"

"'माजी उपाध्यक्ष' चाललंय. आता बारकं."

"आलं."

"'श्री.' आता खूप लांब येणार, जपून बस."

"बाप रे. हे काय व्हतं?"

"'शिक्षणमहर्षी'."

पाटीचा स्वस्तातला अॅडॅप्टर दर अक्षरामागं जमिनीत थुंकत होता आणि ती थुंकी थेट हिच्या कानात. सात वर्षं ह्या माणसाची भाषणं तिनं ऐकली, टाईप केली. आता घरात दार लावून बसली तरी त्याच्या पदव्या कानात ऐकू येत होत्या. मी पुष्कळ ढोंगी पाहिले, पण मातीखालून तार टाकून स्वतःची स्तुती शेजारणीच्या कानात सोडणारा हा पहिलाच. त्यातलंही वाईट म्हणजे त्याला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्यानं आणखी दोन पदव्या घातल्या असत्या.

"तोडून टाका, काका," शिवलीला म्हणाली.

शिवशरणअण्णा खाली बसला. "आसं कसं तोडायचं? गल्लीत राहायचंय. विचारू तरी."

"मला त्यांच्या शाळेत परत राहायचंय का, ते तुम्हीच सांगा अप्पा. मग विचारा."

गुरुवारी संध्याकाळी दुकान लवकर बंद करून अण्णा सातही घरी गेला. मी बरोबर गेलो, कारण एकटा गेला असता तर माफी मागून परत आला असता. त्यानं प्रत्येक घरी हात जोडून विचारलं, "आमच्या खड्ड्यात तुमची एखादी तार आलीय का? आली आसंल तर दोन दिवसात तुमचा खड्डा खणून घ्या. तोवर उद्या दुपारपर्यंत पाटी, कूलर बंद ठेवा. पोरीची परीक्षा हाय."

आणि सातही घरांनी एकच उत्तर दिलं. आमची तार? छे. आमचं स्वतःचं अर्थिंग हाय.

चंद्रभागाबाईनं तर अण्णालाच झापलं. ती विधवा, तिचा कूलर एवढा जुना की त्यात पाणी घातलं की तो खोकतो. "आमच्यावर आळ कामून घ्यायलाव? नवरा गेला म्हणून?" म्हणाली. नवरा जाऊन सोळा वर्षं झाली होती आणि अर्थिंगशी त्याचा जिवंतपणीही संबंध नव्हता.

श्रीपतरावांनी झोपाळ्यावरून ऐकून घेतलं. "माझी वायरिंग पुण्याच्या इंजिनिअरनं केलीय. तुमच्या खड्ड्याला मी पाय तरी लावीन का?"

"मग तुमची एकबी तार तिथं न्हाई?" मी विचारलं.

"एकबी न्हाई."

"बघा हं. परत सांगू नका."

"व्यंकट, तू भोंगेवाला. अर्थिंगमधलं तुला काय कळतं?"

मी अण्णाचा हात धरून बाहेर आलो. "झालं," म्हटलं. "सात तारा हायत, सातांना मालक न्हाईत. बेवारशी माल. तोडायला कुणाची परवानगी लागत न्हाई."

अण्णा रात्रभर झोपला नाही असं रत्नम्मा म्हणाली. शुक्रवारी साडेदहाला मी पक्कड घेऊन खड्ड्याशी गेलो आणि सातही तारा तोडल्या. अण्णाची आठवी तशीच ठेवली. रत्नम्मानं सोमवार नसूनही दोन बादल्या पाणी घातलं. आत शिवलीलानं हेडफोन लावला. मी खिडकीतून बघितलं तर डोळे मिटून बसली होती.

"काय ऐकायलीस?"

"काहीच न्हाई, काका," ती म्हणाली. "काहीच न्हाई यायलंय."

अकराला चाचणी सुरू झाली. आवाज नको म्हणून तिनं आपला कूलर बंद केला होता आणि उकडतंय म्हणून खिडकी उघडी. मी आणि अण्णा पुढच्या ओट्यावर बसलो. अकरा वाजून दहा मिनिटांनी गल्लीत पहिली किंकाळी उठली. ती चंद्रभागाबाईची, कूलरपाशी. दुसरी कुणाच्या तरी मिक्सरची. तिसरी घोगरी होती. ती श्रीपतरावांची. पाटी लोखंडी गेटाला बसवलेली, आणि गेट उघडायला गेलेले साहेब.

कुणी मेलं नाही, कुणी पडलंही नाही. आमच्या गल्लीत वीजसुद्धा माणसाला चिमटा काढून सोडते, जास्त हात लावायला तिला किळस येत असावी. पण पाच मिनिटांत सातही घरं अण्णाच्या ओट्यापुढं उभी. आता गंमत बघा. तार आमची होती, असं कुणालाही म्हणता येईना. कालच नाही म्हणून बसले होते.

"शिवशरण," श्रीपतराव म्हणाले, उजवा हात डाव्या हातात धरून, "तुमच्या घरातनं वीज बाहेर यायलीय. माझं गेट चावायलंय."

"तुमचं अर्थिंग?" मी विचारलं.

"ते पक्कं हाय."

"मग पुण्याला फोन लावा."

"माझ्या हाताला मुंग्या आल्यात," चंद्रभागाबाई म्हणाली. "काल तुम्ही घरी येऊन काय करून गेलाव?"

"काल फक्त हात जोडले, वहिनी," अण्णा म्हणाला.

श्रीपतराव ओटा चढले. अण्णाच्या घराचा मेन स्विच तिथंच दाराशेजारी, लाकडी पेटीत. "हे मेन पाडतो मी. तुमचं बंद झालं की आमचं आपोआप बरं व्हईल."

अण्णा मधे उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाच्या मधे उभा राहिला असेल, कारण कसं उभं राहायचं हे त्याला कळत नव्हतं, हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. "थोडं थांबा की साहेब. पोरीची परीक्षा चालू हाय. मधे बंद पडलं तर गेलं सगळं."

"तिची परीक्षा? तिची परीक्षा मी सात वर्षं घेतलीय. सरका."

अण्णा सरकला नाही. पण सरकणार होता, मी त्याला चाळीस वर्षं ओळखतो. मी घड्याळ बघितलं. अकरा सतरा.

"सरक अण्णा," मी म्हटलं. "पाडू द्या त्यांना. फक्त साहेब, डाव्या हातानं पाडा."

श्रीपतरावांचा हात पेटीवर थांबला. "कामून?"

"उजव्या हाताला शॉक बसलाय न्हवं? ती वीज अजून तिथंच हाय. म्हणून तर मुंग्या यायल्यात. त्याच हातानं मेन पाडलं की तिची वाट बंद व्हती, मग ती आत कोंडती. जनवाड्याच्या हणमंतरावाचं ठाऊक न्हाई का?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही दोन क्षणांपूर्वी नव्हतं.

"आसंच गेट चावलं त्याला. रागानं गेला आणि मेन पाडलं. वीज आत राहिली. आठ दिवस त्याच्या काखेत झिरोचा बल्ब धरला की लागायचा. घरच्यांनी आधी कौतुक केलं. जेवताना त्याला मधे बसवायचे, उजेड पडतो म्हणून. नवव्या दिवशी ती गुडघ्यात उतरली. आता बसला तर उठवायला दोन माणसं, आणि उठला तर बसवायला चार."

चंद्रभागाबाईनं आपल्या गुडघ्याकडं बघितलं.

"आसं काही नसतं," श्रीपतराव म्हणाले, पण हात पेटीवरून काढून.

"नसलं तर पाडा. मी आडवलंय का?"

त्यांनी पेटीकडं बघितलं, मग डाव्या हाताकडं, मग सहा घरांकडं. सहा घरं त्यांच्याकडंच बघत होती. "उतरवायची कशी?" त्यांनी विचारलं. बाकीच्यांसाठी विचारल्यासारखं.

"अनवाणी, ओल्या मातीत. जिथलं अर्थिंग चांगलं हाय तिथं. तुमचं पुण्याचं चालंल, पण तिथं गेट हाय."

तर अकरा वीसला सात घरांची चौदा माणसं अण्णाच्या घरामागं, झाकणाभोवतीच्या चिखलात, चपला भिंतीला लावून उभी. रत्नम्मानं दोन बादल्या घातल्याच होत्या, तिसरी मी सांगितल्यावर घातली. श्रीपतरावांनी पँट गुडघ्यापर्यंत वळवली. पिंढऱ्या अगदी पांढऱ्या होत्या, कधी ऊन न पाहिलेल्या, सोललेल्या मुळ्यासारख्या.

"किती वेळ?" तानाजीचा चुलता म्हणाला.

"वीस मिनिटं."

"वीसच कामून?"

"सिंगल फेजला वीस. थ्री फेज असता तर तास लागला असता, उपकार माना. आणि आता कुणी बोलायचं न्हाई. बोललं की वीज जिभेवर येती."

आणि तुम्हाला सांगतो, आमच्या गल्लीच्या इतिहासात चौदा माणसं एकत्र उभी आहेत आणि कुणी सल्ला देत नाही, असं पहिल्यांदा झालं. उन्हं डोक्यावर. माशा. चंद्रभागाबाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती, मी बोट ओठावर ठेवलं तर तेही थांबलं. खिडकीतून फक्त कीबोर्डाची टकटक येत होती, पावसाची रिपरिप असावी तशी, न थांबता. आत पोरगी सहा चुकांच्या अलीकडं राहायचा प्रयत्न करत होती आणि बाहेर चौदा चुका रांगेत उभ्या होत्या.

साडेअकराच्या सुमाराला श्रीपतरावांचा धीर सुटला. त्यांनी एक पाय हळूच उचलला. हे निघाले की सगळे निघणार आणि निघाले की ओट्यावर, मेनपाशी. मी जरा जोरातच म्हटलं, "पाय हलवू नका, गुडघ्यात बसते."

पाय परत चिखलात गेला.

अकरा चाळीसला टकटक थांबली. शिवलीला मागच्या दारानं बाहेर आली, घामानं निथळत, हेडफोन गळ्यात. तिनं चिखलातल्या गल्लीकडं बघितलं.

"अव्वा, हे काय?"

"वीज उतरवायलेत," रत्नम्मा म्हणाली.

शिवलीलानं माझ्याकडं बघितलं. श्रीपतरावांनी भुवया उंचावून मला विचारलं, बोलू का? मी म्हटलं, बोला आता.

"हलकं वाटायलंय," श्रीपतराव म्हणाले.

शनिवारी आणि रविवारी गल्लीत सात खड्डे खणले गेले. कोळशाचं पोतं कुणी, मीठ कुणी, सगळं अण्णाच्या ओळखीनं उधार. श्रीपतरावांनी आपला खड्डा पुढच्या अंगणात खणला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा.

सोमवारी शिवलीलानं मला खिडकीपाशी बोलावलं. कंपनीचं पत्र आलं होतं. चुका पाच. सहावी नाही, म्हणून जागा पक्की. अण्णा आत भिंतीला टेकून बसला होता आणि कुणाला दिसू नये म्हणून धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत होता, बराच वेळ.

"पाचात सगळ्यात मोठी ही," शिवलीला म्हणाली आणि वाचायला लागली. "तिसाव्या मिनिटाला ग्राहक म्हणतो, 'मोटर गरम व्हायलीय साब, पाय हलवू नका, गुडघ्यात बसते.' मूळ आवाजात हे वाक्य नाही. कृपया खुलासा करावा."

मी खिडकीचा गज धरून उभा होतो. "घुरघुर गेल्यावर तुला फारच साफ ऐकू यायलंय," म्हटलं.

"आणखी एक वाक्य तुम्ही बोलला असता तर काका, मी आज अर्ज घेऊन श्रीपतरावांच्या दारात उभी असते."

"न बोललो असतो तर त्यांनी मेन पाडलं असतं."

"ते बी खरंय." तिनं हेडफोन कानावर ओढला. खुलाशात तिनं काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही, कारण लिहायच्या आधी तिनं खिडकी लावून घेतली, आणि मी बाहेरच्या बाजूला होतो.